ट्रेलरची ग्रे टाकी तुंबलीय? आधी पाणी नेमकं कुठे अडतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनच्या एका मराठी कुटुंबाने २६ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) सेकंडहँड घेतलाय. तिसऱ्याच ट्रिपला ग्रे टाकी (सिंक-शॉवरचं सांडपाणी साठवणारी) रिकामी करायचं हँडल ओढलं तर दोन-तीन सेकंद पाणी जोरात आलं, मग बारीक धार, मग जवळजवळ थेंबच. शॉवरच्या ट्रेमध्ये साबणाचं पाणी उलटं वर आलंय, पॅनलवर ग्रेचे सगळे दिवे लागलेत, टॉयलेटची ब्लॅक टाकी मात्र नीट रिकामी होते. कॅम्पग्राऊंडवर शेजारच्या साईटवरचा माणूस म्हणतोय बाटलीभर ड्रेन क्लीनर ओत, सगळं सुटेल. ओतू का?

नका ओतू. घरच्या मोरीत ते चालतं कारण तिथे पाइप सरळ खाली जातो आणि बोळा दोन-चार फुटांवर असतो. इथे सिंकमध्ये ओतलेलं सगळं आधी १००-१५० लिटर पाण्यात मिसळणार, तुंबलेल्या जागी पोचेपर्यंत त्यात काही दम राहणार नाही, पण हँडलने उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या रबरी सीलला त्रास द्यायला आणि नंतर तो व्हॉल्व्ह खोलताना तुमच्या हातावर, डोळ्यात उडायला ते पुरेसं असतं. आणि असा व्हॉल्व्ह खोलायची वेळ तुमच्यावर बहुधा येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगतो.

तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. बहुतेक ट्रेलरमध्ये ब्लॅकचा ३ इंची पाइप आणि ग्रेचा दीड इंची पाइप दोघं आपापल्या व्हॉल्व्हनंतर एकत्र येतात आणि एकाच ३ इंची तोंडातून बाहेर पडतात, तिथेच तुम्ही होज (सांडपाण्याचा लवचिक पाइप) लावता. म्हणजे ब्लॅक नीट जातंय तर तोंड, होज, साईटचा सिवर (गटाराचं तोंड) हे सगळं साफ आहे, त्यात वेळ घालवू नका. भानगड ग्रे टाकी आणि तो जोड यांच्या मध्ये कुठेतरी आहे. फूट-दोन फुटांची जागा आहे ती, फक्त नेमकी ट्रेलरच्या पोटात.

शॉवरमधून पाणी वर येतं कारण शॉवरचा ड्रेन सगळ्यात खाली असतो, टाकी भरली की पहिलं तिथेच दिसतं. एक सोपी खात्री करा, किचनचा नळ अर्धा मिनिट सोडा आणि कुणालातरी शॉवरपाशी उभं करा. ट्रेमधलं पाणी वाढलं तर दोन्ही एकाच टाकीत जातायत आणि टाकी खरंच भरलीय. नाही वाढलं तर तुमच्याकडे दोन ग्रे टाक्या असू शकतात, किचनची वेगळी आणि बाथरूमची वेगळी, आणि मग हँडलंही तीन असणार. हे विनोदी वाटेल, पण सेकंडहँड घेतलेल्यांमध्ये ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता पहिला प्रश्न हाच विचारतो, तिसरं हँडल शोधलंत का? ते कधी कधी बाकी दोघांपासून आठ-दहा फूट पुढे, स्टेपखाली किंवा दुसऱ्याच बाजूला असतं. गाडीभोवती एकदा वाकून चक्कर मारा.

पॅनलच्या दिव्यांचं मनावर घेऊ नका. टाकीच्या भिंतीत धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात, पाणी त्यांना लागलं की सर्किट पूर्ण होऊन दिवा लागतो. त्या खिळ्यांवर आणि मधल्या भिंतीवर साबणाचा-तेलाचा चिकट थर बसला की टाकी कोरडी असली तरी फुल्ल दाखवतं. शॉवरमध्ये उलटं आलेलं पाणी हा खरा पुरावा.

आता महत्त्वाचा प्रश्न. ते दोन-तीन सेकंदांचं जोराचं पाणी नेमकं कधी आलं, तोंडावरचं झाकण काढून होज लावताना की हँडल ओढल्यावर? झाकण काढताना आलं असेल तर ते व्हॉल्व्हच्या पुढे पाइपात साठलेलं पाणी होतं, सील थोडा गळत असला की तिथे साठतं. मग हँडल ओढून खरं तर काहीच झालेलं नाही, व्हॉल्व्हचं पातं (पाणी अडवणारी सरकती पट्टी) जागचं हललंच नाही. पण हँडल ओढल्यावर आलं असेल तर पातं हललंय, एकतर अर्धवट उघडलंय किंवा टाकीतलं काहीतरी येऊन टाकीच्याच तोंडाला चिकटतंय. या दोघांतला फरक घरबसल्या कळतो. हँडल आत ढकला, पाच मिनिटं थांबा, परत ओढा. पुन्हा आधी जोर आणि मग धार असं झालं तर आत सुटी वस्तू आहे, व्हॉल्व्ह बंद झाला की ती बाजूला जाते आणि उघडला की पाण्याबरोबर खेचली जाते. पहिल्यापासूनच बारीक धार आली तर पातं अर्धवट उघडतंय किंवा तोंडाशी गाळ बसलाय. तीन-चार वेळा करून बघा, एकदाच्या निकालावर जाऊ नका.

माझा पहिला संशय नेहमी केबलवर. ग्रेचा व्हॉल्व्ह टाकीपाशी, आत, आणि हँडल मात्र बाहेर कडेला, मध्ये सायकलच्या ब्रेकसारखी केबल. ती कंपनीत बसवताना जास्त वळवलेली असते, वर रस्त्यावरचं मीठ-पाणी लागून बाहेरचं आवरण गंजतं, आतली तार अडकते. मग तुम्ही हँडल तीन इंच ओढता आणि पातं एकच इंच सरकतं, बाकीचा ताण केबलचं वळण सरळ करण्यात जातो. हँडल सोडल्यावर आपोआप थोडं आत जात असेल तर हेच समजा. आणि हँडल एकदम हलकं, लोण्यातून सुरी गेल्यासारखं येत असेल तर तार पात्याच्या दांड्यापासून सुटलीय. व्हॉल्व्ह निर्दोष, टाकी निर्दोष, आणि आपण वरून केमिकल ओततोय!

खात्री करायची तर खाली शिरावं लागेल. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी चोक (अडसर) लावा, ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, नुसत्या जॅकवर उचलून खाली जाऊ नका, आणि कोपऱ्यातले स्टॅबिलायझर हे उचलायला नसतातच, ते फक्त डुलणं थांबवतात. नायट्राइल ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा. ग्रे म्हणजे नुसतं साबणाचं पाणी असा समज असेल तर एकदा उन्हाळ्यात आठवडाभर राहिलेली ग्रे टाकी उघडून बघा, ब्लॅक परवडली म्हणाल.

पोटाखाली काळ्या पन्हळी प्लास्टिकचा पत्रा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह दिसत नाही. हँडलपासून केबल कुठल्या दिशेला जाते ते बघून, पत्र्याचे कडेचे स्क्रू काढून तो थोडा खाली वाकवा. अगदीच जमत नसेल तर तीन बाजूंनी कापून दारासारखी झडप करा, नंतर चांगल्या रुंद टेपने बंद करता येते. कापताना ब्लेड जेमतेम पत्र्यापुरतंच आत घाला, मागे वायर आणि पाइप असतात. व्हॉल्व्ह दिसला की कुणाला तरी बाहेरून हँडल ओढायला सांगा आणि पात्याचा दांडा किती सरकतो ते डोळ्यांनी बघा. दीड इंची व्हॉल्व्हचा दांडा साधारण पाइपाच्या रुंदीइतका बाहेर यायला हवा. कमी आला तर पक्कड घेऊन दांडा हाताने शेवटपर्यंत ओढा. पाणी धो धो गेलं तर केबल गुन्हेगार, विषय संपला. होज जोडलेलीच ठेवून हे करा, हे सांगायला नको, पण मी एकदा विसरलोय म्हणून सांगतो.

दांडा पूर्ण बाहेर येऊनही धारच येत असेल तर माझ्याच ट्रेलरची गोष्ट ऐका. नवाकोरा घेतला होता, युटामधल्या मोआबच्या लाल मातीत दुसऱ्या ट्रिपला नेमकं तुमच्यासारखंच झालं, जोर, मग धार, बंद करून थांबलो की पुन्हा जोर. केबल ठीक, दांडा पूर्ण बाहेर. शेवटी टाकी रिकामी करून व्हॉल्व्हचे चार बोल्ट काढले आणि आत बोट घातलं तर एक काळी गोल चकती हाताला लागली, कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा जरा मोठी, कडेला करवतीचे दात उमटलेले आणि बरोबर मध्ये पेन्सिलीएवढं भोक. टाकीला पाइप जोडायचं भोक पाडताना निघालेला तुकडा कुणी उचललाच नव्हता, तो आतच राहिला. टाकी एबीएस प्लास्टिकची, ते पाण्यापेक्षा किंचितच जड, त्यामुळे चकती तळाशी लोळत राहायची आणि प्रवाह सुरू झाला की जाऊन तोंडावर बसायची. ती बारीक धार कुठून येत होती तर त्या मधल्या भोकातून! भोक नसतं तर निदान लवकर समजलं असतं. ती चकती अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. सेकंडहँडमध्ये चकती नसेल तर बाटलीचं झाकण, चमचा, मुलांचं खेळणं, आणि सगळ्यात जास्त वेळा केसांचा आणि साबणाचा गोळा निघतो.

टाकी भरलेली असताना व्हॉल्व्ह खोलू नका. ४० गॅलनची टाकी म्हणजे १५१ लिटर, दीडशे किलो पाणी, आणि तुम्ही त्याच्या बरोबर खाली पाठीवर झोपलेले. बारीक का होईना धार येतेय ना, मग हँडल ओढून रात्रभर तसंच ठेवा आणि घरात पाणी वापरू नका. मिनिटाला एक तृतीयांश लिटर आलं तरी आठ तासांत १६० लिटर होतात. इतका साधा उपाय लोकांना सुचत नाही, पंप भाड्याने आणायला धावतात. धारही येत नसेल तर मात्र कॅम्पग्राऊंडच्या ऑफिसला विचारा, बऱ्याच भागांत टाक्या उपसणारा ट्रक साईटवर येतो, किंवा ड्रिलवर चालणारा छोटा पंप घेऊन शॉवरच्या ड्रेनमधून जितकं निघेल तितकं काढा. जमिनीवर सोडून द्यायचा विचारही नको, नॅशनल पार्कमध्ये तर ग्रेसुद्धा सोडायला बंदी आहे.

खोलण्याआधी एक प्रयत्न मात्र करून बघण्यासारखा आहे, उलटं पाणी मारायचं. होजच्या जागी बसणारा एक पारदर्शक एल्बो (वळणाचा जोड) मिळतो, त्याला बागेच्या पाइपासाठी जोड असतो आणि स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. तो बंद ठेवून, ग्रेचं हँडल उघडून, पाणी उलटं टाकीत जाऊ द्या, मग एल्बोचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडा. तोंडाशी बसलेला गाळ, केस, चरबी असेल तर दोन-चार वेळात हलते, आणि पारदर्शक असल्यामुळे काय बाहेर येतंय ते दिसतं. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप यासाठी कधीच वापरायचा नाही, वेगळा ठेवायचा, वेगळ्या रंगाचा. आणि पाणी चालू असताना फोन आला तरी जागा सोडायची नाही. नळ मिनिटाला ३ गॅलन देत असेल तर ३० गॅलनची रिकामी टाकी १० मिनिटांत भरते, तुमची तर आधीच भरलेली आहे, म्हणून थोडी उपसूनच हे करा नाहीतर ते सगळं शॉवरमधून थेट गालिच्यावर. लांब स्प्रिंगची तार आत घालून घुसळायचा मोह टाळा, प्लास्टिकचं पातं आणि सील दोन्ही ओरबाडले जातात.

छपरावरचा व्हेंट (टाकीचा हवेचा पाइप) तुंबला असेल का, हा प्रश्न येणारच. तुंबू शकतो, कुंभारमाश्या त्या पाइपात मातीचं घर करतात, पण व्हेंटमुळे पाणी गडगड आवाज करत थांबत-थांबत जातं, सिंकच्या ट्रॅपमधलं (खालच्या वाकड्या पाइपातलं) पाणी ओढलं जाऊन आत वास येतो, एवढं साफ अडत नाही. तुम्ही आवाजाबद्दल काही लिहिलं नाहीये. बघायचंच असेल तर किचन सिंकच्या खाली पाइपाच्या टोकाला काळं टोपणासारखं काहीतरी असतं, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, तो हाताने फिरवून काढा आणि मग हँडल ओढा. प्रवाह वाढला तर हवा कमी पडत होती. तुमच्या केसमध्ये मला ही शक्यता कमी वाटते.

ट्रेलर लेव्हल आहे का तेही बघून घ्या, टाकीचं तोंड ज्या बाजूला आहे ती बाजू वर असेल तर तळातलं पाणी राहून जातं. पण त्याने शेवटचं पाणी राहतं, सुरुवातीचं अडत नाही, त्यामुळे पुढे.

समजा गाळ आणि चरबीच निघाली, आणि आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये ती निघतेच. अमेरिकन कुटुंब कागदी प्लेटमध्ये हॉटडॉग खातं, आपण कढईत फोडणी करतो, कुकर लावतो, सकाळ-संध्याकाळ चहा. कढईचं तेल, तूप, भाताचा स्टार्च, चहाचा चोथा, हे सगळं त्या दीड इंची पाइपातून जाऊन थंड टाकीत बसतं आणि वर शॉवरमधून आलेले केस त्याला धरून ठेवतात, मग त्याचा पिवळट राखाडी मऊ थर होतो, थंडीत मेणासारखा. (आमच्याकडे साबुदाणा भिजवलेलं पाणीसुद्धा सिंकमध्ये टाकायला बंदी आहे, बायको हसते.) यावर उपाय म्हणजे टाकी एक तृतीयांश गरम पाण्याने भरा, भांडी घासायचं लिक्विड भरपूर घाला, आणि पाच-दहा मैल गाडी चालवा, वळणं-खड्डे असतील तर उत्तम. मग लगेच रिकामं करा, थंड होऊ देऊ नका. दोन-तीन वेळा लागतं. गरम म्हणजे गीझरचं, उकळतं नाही, उकळत्याने पाइपाचं प्लास्टिक मऊ पडून जोड सुटू शकतात. ट्रेलरचा गीझर बहुधा ६ गॅलनचा, म्हणजे २३ लिटर, त्यामुळे दोनदा तापवावं लागेल.

पुढे होऊ नये म्हणून कढई आधी पेपर टॉवेलने पुसायची आणि मग घासायची, चोथा गाळून कचऱ्यात, शॉवरला जाळी. केमिकलच्या महागड्या बाटल्यांपेक्षा ह्याचा उपयोग जास्त. आणि एक सवय, फुल्ल हुकअप (साईटवरच पाणी, वीज आणि सिवरची जोडणी) मिळालं की लोक ग्रेचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून देतात. मी नाही ठेवत. दोन तृतीयांश भरेपर्यंत बंद ठेवायचा, मग आधी ब्लॅक आणि मागून ग्रे सोडायची, ग्रेच्या जोराने होजही धुऊन निघते. उघडा ठेवला की पाणी हळूहळू झिरपत जातं आणि चरबी, चोथा मागे राहतो, वर सिवरचा वास आणि माश्या होजमधून उलट्या घरात. ब्लॅकचा तर कधीच उघडा ठेवू नये, पाणी निघून जातं आणि घट्ट माल बरोबर टॉयलेटखाली ढीग करून बसतो, तो फोडणं हा एक स्वतंत्र विषय आहे. आणि फुल्ल हुकअप सगळीकडे मिळतही नाही, ग्रँड कॅन्यनच्या साऊथ रिमला पार्कच्या आत ट्रेलर व्हिलेज सोडलं तर नाही, यलोस्टोनला फिशिंग ब्रिज सोडलं तर नाही, तिथे टाकी जपूनच भरायची असते.

आता व्हॉल्व्ह किंवा केबल बदलायची वेळ आली तर. व्हॉल्व्हचे दोन भाग आणि मध्ये पातं, दोन्ही बाजूंना रबरी सील, चार बोल्ट, इतकंच आहे ते. व्हॉल्व्ह घेताना सील नवे घ्याच, जुने परत बसत नाहीत. सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली किंवा गाडीचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पाइप दोन्ही बाजूंना थोडे फाकवून व्हॉल्व्ह आत सरकवावा लागतो आणि नेमकं तेव्हाच सील दुमडतो आणि तुम्हाला दिसत नाही, म्हणून बोल्ट आवळण्याआधी सगळीकडून बोट फिरवून बघा. बोल्ट तिरके-तिरके थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर भाग वाकडा बसतो. शक्य असेल तर बाहेरच्या तोंडावर फिरवून बसणारा एक जास्तीचा व्हॉल्व्हही लावून टाका, आतला गळला तरी झाकण काढताना पायावर पाणी येत नाही.

केबल मागवताना जुनी मोजून घ्या, हँडलच्या टोकापासून नाही, आवरणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, आणि वळणासकट, सरळ अंतर मोजून नाही. मी पहिल्यांदा सरळ अंतर मोजलं होतं, केबल सहा इंच कमी पडली आणि दुसरी येईपर्यंत चार दिवस आम्ही दांडा पक्कडीने ओढत होतो. पत्रा परत लावण्याआधी सिंकमधून पाच गॅलन स्वच्छ पाणी सोडा, अर्धा तास थांबा, व्हॉल्व्हखाली कोरडा पेपर टॉवेल धरा. तो कोरडाच राहिला तर टेप लावा. दांडा किती इंच बाहेर आला आणि बंद-उघड केल्यावर पहिला जोर परत आला का, ही दोन उत्तरं मिळाली की पुढचं सांगतो.